अबू धाबीत पैसा आहे, पण तो फुकट नाही

‘अबू धाबीत शेखांकडे पैसा नुसता पडून आहे. आपण फक्त चांगली आयडिया घेऊन जायची, भांडवल तिथलं सरकारच देतं.’

हे वाक्य मी इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या उद्योजकतेच्या व्याख्यानांत ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे आणि चांगल्या शिकलेल्या, नोकरी सोडायच्या बेतात असलेल्या मुलांकडूनही ऐकलं आहे. या शेवटच्या लोकांमुळे मला राग येतो. त्यांच्यावर नाही, तर त्यांना हे सांगणाऱ्यांवर. कारण या एका वाक्याच्या भरवशावर माणसं पीएफ काढतात, ‘सेटअप कन्सल्टंट’ला पैसे देतात आणि सहा महिन्यांनी हातात एक लायसन्स, एक व्हिसा आणि रिकामं खातं घेऊन बसतात.

गैरसमज कुठून येतो ते आधी पाहू, कारण त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. अबू धाबीला १९५८ साली तेल सापडलं, १९६२ मध्ये पहिली निर्यात झाली. संयुक्त अरब अमिरातीचं बहुतेक सगळं तेल या एकाच अमिरातीत आहे, दुबईकडे त्यातला किरकोळ वाटा. त्या उत्पन्नातून १९७६ साली अबू धाबी इन्व्हेस्टमेंट अथॉरिटी उभी राहिली. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या सरकारी गुंतवणूक निधींपैकी एक आहे. पुढे मुबादला ही आणखी एक सरकारी गुंतवणूक कंपनी आली, २०१८ मध्ये एडीक्यू आली. तेव्हा पैसा आहे, भरपूर आहे, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर: हा पैसा नवख्या माणसापर्यंत कसा पोहोचतो?

अबू धाबीच्या स्टार्टअप विश्वाचं केंद्र म्हणजे हब७१. ही संस्था २०१९ मध्ये सुरू झाली. नावातलं ७१ हे देशाच्या स्थापनेचं, १९७१ चं. मागे मुबादला, मायक्रोसॉफ्ट, सॉफ्टबँक व्हिजन फंड आणि अबू धाबी ग्लोबल मार्केट हा आर्थिक फ्री झोन. आपल्याकडच्या चर्चेत हब७१ म्हणजे पैसे वाटणारी खिडकी असते. सुरुवातीच्या योजनेत तिथं प्रत्यक्षात काय मिळायचं? घरभाड्यात, ऑफिसच्या जागेत आणि आरोग्य विम्यात सवलत, तीही ठरावीक मुदतीपुरती. म्हणजे संस्थापकाचा राहण्याचा आणि बसण्याचा खर्च कमी व्हायचा. माल बनवायला, माणसं नेमायला, ग्राहक मिळवायला लागणारा पैसा हा वेगळा प्रश्न. शिवाय ही सवलत अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला नव्हती आणि नाही. तुकड्यांनी निवड होते, आणि नुसत्या कल्पनेपेक्षा काहीतरी चालतं उत्पादन हातात असलेल्यालाच तिथं वजन मिळतं.

गुंतवणुकीचं म्हणाल, तर मुबादलाने २०१९ मध्ये या भागासाठी मिळून २५ कोटी डॉलरच्या दोन निधींची घोषणा केली. त्यातले १५ कोटी डॉलर थेट स्टार्टअपसाठी नव्हतेच. ते इतर व्हेंचर फंडांमध्ये गुंतवायचे होते आणि स्टार्टअप कोणते ते त्या फंडांनी ठरवायचं होतं. थेट गुंतवणुकीसाठी १० कोटी. सरकारचा आणखी एक, ५३.५ कोटी दिरहॅमचा व्हेंचर फंड होता. तो खाजगी गुंतवणूकदाराच्या जोडीनं पैसे घालायचा. आधी कुणीतरी स्वतःच्या खिशातले पैसे तुमच्यावर लावायला तयार हवा, मग सरकार त्याच्या शेजारी उभं राहणार. आणि या सगळ्याच्या बदल्यात कंपनीतला हिस्सा जातो. ‘फुकट’ हा शब्द यात कुठे बसतो, ते मला कुणी समजावून सांगावं.

तिसरी वाट अबू धाबी इन्व्हेस्टमेंट ऑफिस या सरकारी कार्यालयाच्या सवलतींची. यात बातमीचा मथळा नेहमी मोठा असतो. एप्रिल २०२० मध्ये चार शेती-तंत्रज्ञान कंपन्यांना मिळून १० कोटी डॉलर जाहीर झाले, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ ‘चेक फाडला’ असा घेतला गेला. अशा सवलतींत मोठा भाग रिबेटचा असतो. संशोधनावर, यंत्रांवर, कुशल माणसांच्या पगारावर तुम्ही आधी खर्च करायचा, अटी पूर्ण झाल्या की त्यातला काही भाग परत मिळतो. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसाच नाही, त्याला या योजनेचा उपयोग नाही. आणि ज्याला मिळाला त्याचाही धंदा तरतोच असं नाही. त्या चारांपैकी एक होती अमेरिकेतली एरोफार्म्स. २०२३ च्या फेब्रुवारीत तिनं अबू धाबीत मोठं संशोधन केंद्र उघडलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये मूळ कंपनीला अमेरिकेत दिवाळखोरीचं संरक्षण मागावं लागलं.

हे निधी हिशोबी आहेत याची साक्ष मुंबईतच आहे. २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्सनं गुंतवणूकदार घेतले तेव्हा मुबादलाने ९,०९३.६ कोटी रुपये देऊन १.८५ टक्के हिस्सा घेतला, आणि अबू धाबी इन्व्हेस्टमेंट अथॉरिटीनं ५,६८३.५ कोटी रुपये घातले. पैसा जिथं वाढेल असं त्यांना वाटतं तिथं तो जातो, मग ते नवी मुंबई असो की कॅलिफोर्निया. पुढच्या पिढ्यांसाठी राखलेला हा निधी आहे. तो सांभाळणारी माणसं विश्लेषक आहेत आणि ताळेबंद वाचतात.

या गैरसमजाचा सर्वांत वाईट उपयोग ठग करतात. ‘अमुक शेखांच्या फॅमिली ऑफिसमधून बोलतोय, तुमचा प्रकल्प मंजूर झालाय, फक्त प्रोसेसिंग फी किंवा विम्याचा हप्ता आगाऊ भरा.’ खरा गुंतवणूकदार गुंतवणूक करण्यासाठी तुमच्याकडून आगाऊ पैसे मागत नाही. कधीच नाही. अबू धाबी ग्लोबल मार्केटमध्ये नोंदलेल्या कंपन्यांची नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. तिथं नाव शोधायला पाच मिनिटं लागतात. नाव सापडलं म्हणजे माणूस खरा ठरत नाही, पण तिथं नोंद असल्याचा दावा करूनही नाव सापडलंच नाही, तर विषय तिथेच संपतो.

मग अबू धाबीनं खरोखर काय उभं केलं आहे? माझ्या मते उत्तर आहे कायदा, आणि याबद्दल आपल्याकडे कुणीच बोलत नाही.

अल मारिया या बेटावर अबू धाबी ग्लोबल मार्केट आहे. संघराज्याच्या हुकुमानं २०१३ मध्ये ते स्थापन झालं, २०१५ मध्ये कामाला लागलं आणि २०२३ पासून शेजारचं अल रीम बेटही त्याच्या कक्षेत आलं. दिवाणी आणि व्यापारी व्यवहारांत तिथं इंग्लिश कॉमन लॉ थेट लागू होतो. न्यायालयाची भाषा इंग्रजी. पहिले सरन्यायाधीश होते लॉर्ड होप, जे त्याआधी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे उपाध्यक्ष होते. स्टार्टअपला याचा काय फायदा? गुंतवणूकदाराला वेगळ्या हक्कांचे शेअर देणं, आज घेतलेलं कर्ज उद्या शेअरमध्ये बदलणं, कर्मचाऱ्यांना शेअरचे पर्याय देणं, संस्थापक मध्येच सोडून गेला तर त्याच्या हिश्श्याचं काय हे लिहून ठेवणं. या गोष्टी मेनलँडच्या, म्हणजे फ्री झोनबाहेरच्या, साध्या एलएलसीत बराच काळ अवघड होत्या. ग्लोबल मार्केटमध्ये मात्र लंडनच्या किंवा सिंगापूरच्या गुंतवणूकदाराचा वकील करार वाचतो आणि त्याला तो ओळखीचा वाटतो.

या कायद्याची मोठी कसोटी २०२० मध्ये लागली. बी. आर. शेट्टी यांनी १९७५ साली अबू धाबीत सुरू केलेल्या एनएमसी हेल्थ या रुग्णालय समूहात चार अब्ज डॉलरहून अधिक कर्ज न दाखवलेलं असल्याचं बाहेर आलं. त्या समूहाच्या अमिरातीतल्या कंपन्या अबू धाबी ग्लोबल मार्केटमध्ये नोंदवून घेतल्या गेल्या, सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या न्यायालयानं त्यांच्यावर प्रशासक नेमले, आणि पुनर्रचना चालू असताना रुग्णालयं सुरू राहिली. कंपनी बुडते आहे म्हणून दाराला कुलूप लावण्याऐवजी ती सावरण्याची रीतसर वाट असणं, हे नव्या उद्योगासाठी कुठल्याही भाडेसवलतीपेक्षा मोलाचं आहे.

जिथं हा कायदा आणि खरी गरज एकत्र येतात तिथं चांगल्या कंपन्या उभ्या राहतात. अमिरात बहुतेक अन्न आयात करते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्याच वाळवंटात प्युअर हार्वेस्ट ही अबू धाबीची कंपनी तापमान नियंत्रित काचघरांत टोमॅटो पिकवते आणि सुपरमार्केटला विकते. त्यांचं पहिलं काचघर अल ऐनच्या बाजूला नाहेलला आहे. किंवा अंगामी घ्या. अरबी संगीत ऐकवणारी ही सेवा २०१२ मध्ये बैरूतला सुरू झाली. लेबनॉनची अर्थव्यवस्था कोसळल्यावर २०२१ मध्ये तिनं मुख्यालय अबू धाबीला हलवलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंदली गेली. दोघींकडेही अबू धाबीच्या पैशाआधी विकण्याजोगं काहीतरी होतं.

आता बाकीचे गैरसमज. ते थोडक्यात घेतो, एक सोडून.

तो एक म्हणजे ‘तिथं टॅक्सच नाही’. व्यक्तीच्या पगारावर आयकर नाही, हे खरं. पण व्हॅट १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के आहे, आणि २०२२ च्या ४७ व्या संघीय हुकूम-कायद्यानुसार १ जून २०२३ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून ३,७५,००० दिरहॅमवरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे. वर्षाला १० लाख दिरहॅमहून अधिक उलाढाल करणारा एकटा फ्रीलान्सरही त्याच्या कक्षेत येतो. फ्री झोनमध्ये शून्य टक्के दर आहे, पण तो ठरावीक प्रकारच्या उत्पन्नाला आणि अटींसह: तिथं खरंखुरं काम चालायला हवं, हिशेब तपासलेले हवेत. आणि कंपनी अबू धाबीत, संस्थापक मात्र वर्षभर कोथरूडमध्ये, असं असेल तर तो भारताचा निवासी करदाता आहे. तिथून आलेला पगार आणि लाभांश इथं करपात्र आहे आणि परदेशातली मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. ती लपवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. भारतातून पैसे पाठवण्यालाही वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. कन्सल्टंटच्या माहितीपत्रकात यातलं काहीही छापलेलं नसतं.

‘५१ टक्के अरब स्पॉन्सरच्या नावावर करावेच लागतात.’ फ्री झोनमध्ये हे कधीच नव्हतं, जेबेल अली फ्री झोन १९८५ पासून आहे. मेनलँडवरची ही सरसकट अट २०२० च्या कायदादुरुस्तीनं गेली आणि १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत पूर्ण परकी मालकी चालते. संरक्षण, बँकिंग, दूरसंचार अशा मोजक्या क्षेत्रांचे नियम अजून वेगळे आहेत.

‘चेक वटला नाही की थेट तुरुंग.’ एके काळी ही भीती खरी होती. २ जानेवारी २०२२ पासून केवळ खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर तो फौजदारी गुन्हा नाही. फसवणुकीच्या हेतूनं दिलेला चेक अजूनही गुन्हाच आहे. नवा दिवाळखोरी कायदा १ मे २०२४ पासून लागू आहे.

‘लायसन्स मिळालं की धंदा सुरू.’ लायसन्स काही दिवसांत मिळतं. बँकेत कंपनीचं खातं उघडायला कित्येक आठवडे जाऊ शकतात, आणि खात्याशिवाय ग्राहकाकडून पैसे घ्यायचे कुठे?

‘आखातातले लोक आपल्या ॲपची नक्कल करतात.’ तलबात ही जेवण घरपोच देणारी सेवा कुवेतमध्ये २००४ साली सुरू झाली. आपल्या झोमॅटोची सुरुवात २००८ ची.

‘दुबई काय नि अबू धाबी काय, एकच.’ अमिरात वेगळी, लायसन्स देणारं खातं वेगळं, निधी वेगळे. हब७१ अबू धाबीचं आहे. दुबईच्या लायसन्सवर त्याच्या सवलती आपोआप मिळत नाहीत.

‘स्थानिक अमिराती माणूस धंदा करत नाही, सरकारी नोकरीत सुखी असतो.’ अबू धाबीनं अमिराती उद्योजकांसाठी खलिफा फंड २००७ मध्येच स्थापन केला. आणि जानेवारी २०२३ पासून संघराज्य सरकारच्या नोकरीतल्या अमिराती नागरिकाला स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यासाठी वर्षभरापर्यंत रजा घेता येते. त्या काळात अर्धा पगार मिळतो आणि नोकरी राखून ठेवली जाते.