गाईची थट्टा

परवा घरी गाण्याची बैठक जमली होती. नातीला कोणी विचारले, "तू काय करणार?" ती म्हणाली, "मी गाईन." धाकटा नातू लगेच ओरडला, "ताई गाय होणार! शिंगे कधी फुटणार?" सगळे हसले. मी मात्र असल्या पाचकळ कोटीबद्दल त्याला दटावले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एक जुने व्यंगचित्र आठवले. १७९६ साली एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टराने एका गवळणीच्या हातावरील फोडातला द्रव आठ वर्षांच्या मुलाला टोचला. गाईपासून माणसाला होणारा तो सौम्य रोग देवीपासून वाचवतो, हे त्याला दाखवायचे होते. लोकांनी टवाळी केली. १८०२ साली जेम्स गिलरेने तर चित्रच काढले : लस टोचलेल्यांच्या अंगातून गाई बाहेर पडत आहेत!

शब्दांचीही गंमत पाहा. लॅटिनमध्ये गाय म्हणजे 'वाक्का'. 'व्हॅक्सिन' हा शब्द त्यातूनच आला. आपल्या 'गवेषणा'चाही मूळ अर्थ गाईचा शोध. म्हणजे संशोधक हा मुळात गुराखीच! त्या थट्टेच्या विषयानेच शेवटी देवीला हटवले. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

माझ्या आजीचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता. माझ्या दंडावर लशीचा एवढासा वण आहे. सकाळी नातवाला जवळ घेऊन तो दाखवला आणि सारी हकीकत सांगितली. वण नीट निरखून तो म्हणाला, "आजोबा, तुमचे शिंग इथूनच फुटणार होते का?"

या वेळी मी दटावले नाही.