चाकापर्यंत न पोचणारा दांडा

जुलैत भिवंडीहून अंबाडीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंची खाचरं पाण्याने भरलेली दिसतात. चिखलणी चालू असते. छोटा ट्रॅक्टर, मागे रोटाव्हेटर, पुढची चाकं अर्धी चिखलात. आणि चालवणारा बांधाच्या कोपऱ्यात एका हाताने, जवळजवळ दोन बोटांनी, गाडी वळवून घेतो.

मला बरीच वर्षं वाटायचं की स्टेअरिंगखालचा दांडा चाकापर्यंत जातो आणि तेल त्याला नुसता हातभार लावतं. काही गाड्यांत तसं असतंही. पण एकदा एका फिटरच्या शेजारी वाकून पाहिलं, तर दांडा थोडासा खाली जाऊन संपलेला! दोन मुठींएवढ्या एका लोखंडी डब्यात तो शिरत होता. डब्याला चार तोंडं: एकातून पंपाचं तेल आत येतं, दुसऱ्यातून टाकीकडे परत जातं, उरलेली दोन चाकं वळवणाऱ्या पुढच्या सिलिंडरच्या डाव्या-उजव्या बाजूंना. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडाचा सांधा कुठेच नाही. मधे आहे ते फक्त तेल, आणि हात व चाक यांच्यातला सगळा निरोप तेच पोचवतं.

हा डबा अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या लिन चार्लसन यांच्या कल्पनेतून आला. ऑर्बिट्रॉल हे त्याचं व्यापारी नाव आता फिटरांच्या तोंडीही रुळलं आहे. डबा उघडला की आत एक कडं दिसतं आणि कड्यात सहा दातांची चांदणी. कड्याला मात्र खाचा सात. सहा दात सात खाचांत कसे बसणार? बसत नाहीत, आणि सगळी करामत तिथेच आहे. चांदणी जागच्या जागी फिरत नाही, ती कड्यात घरंगळत जाते. तिची स्वतःभोवतीची एक फेरी पुरी होईपर्यंत ती कड्यात सहा वेळा घरंगळते आणि प्रत्येक वेळी सातही कप्पे एकदा भरून रिकामे होतात. म्हणजे एका फेरीत बेचाळीस मापं तेल. दूधवाल्याने मापाने दूध घालावं तसं ही चांदणी चाकाला तेल मोजून घालते.

चांदणीच्या शेजारी एकात एक बसलेल्या दोन नळ्या असतात. स्टेअरिंग किंचित फिरवलं की आतली नळी बाहेरचीच्या थोडी पुढे सरकते, दोघींची भोकं जुळतात आणि तेलाला वाट मिळते. तेल जाताना चांदणी फिरते आणि बाहेरच्या नळीलाही मागोमाग नेते. हात थांबला की बाहेरची नळी आतलीला गाठते, भोकं मिटतात, चाक तिथेच थांबतं. या दोन नळ्यांमधली फट काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीचा लहानसा अंश. खाचरात गुडघाभर चिखल आणि त्याच्या हातभर वर ही फट! तेल भरताना झाकणाभोवतीची माती आधी पुसायला सांगतात ती उगाच नाही.

इंजिन बंद पडलं तर? मग हाताच्या जोरानेच चांदणी फिरते आणि तोच डबा हातपंप होतो. खूप जड जातं, पण ट्रॅक्टर वळतो.

आता ‘जड’ या शब्दाकडे येऊ. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलचं म्हणणं त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापून आलं. त्याचा हिशेब सिलिंडरमध्ये करून पाहा. समजा दाब १०० बार आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० किलो. दट्ट्याचं दाबलं जाणारं क्षेत्र ९ चौरस सेंटिमीटर धरलं, तर जोर झाला सुमारे ९०० किलो. बोटांत हलकेपणा येतो तो इथून. म्हणून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना जड झालं, तर हा दाब का तयार होत नाही, हे शोधायचं. तेल कमी आहे का, फिल्टर तुंबलाय का, पंप झिजलाय का, की दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह कचरा अडकून उघडाच राहिलाय? इंजिन मंद असतानाच जड आणि रेस दिल्यावर हलकं होत असेल, तर आधी पंपाकडे बघावं. पण त्याही आधी पुढच्या टायरांतली हवा आणि चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनचं ग्रीस बघावं. भाताच्या चिखलातून निघालेला ट्रॅक्टर ग्रीस न मारता उभा राहिला तर किंगपिन सुकते, आणि ठपका बिचाऱ्या तेलावर येतो.

स्टेअरिंगला कधी झटके बसतात, त्या झटक्यांची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १०० बार दाबाखाली तेल एक टक्काही आक्रसत नाही, म्हणून तर ते दांड्याचं काम करू शकतं. हवा मात्र आक्रसून शंभराव्या हिश्शावर येते. लिंबाएवढा बुडबुडा हरभऱ्याएवढा होतो. अशी हवा तेलात शिरली की दांड्याच्या मधोमध स्प्रिंग बसवल्यासारखं होतं. तुम्ही स्टेअरिंग फिरवता, बुडबुडे दबतात, चाक चिखलात तसंच राहतं. मग चिखलाची पकड सुटते, बुडबुडे फुलतात आणि चाक उडी मारतं. हातात जाणवतो तो झटका हाच.

ही हवा येते कुठून? टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. तिथली क्लिप सैल झाली, तर इंजिन चालू असताना तेल बाहेर गळत नाही, हवाच आत ओढली जाते. म्हणजे बिघाड जिथे, तिथे तेलाचा थेंबही दिसत नाही! जाणते फिटर पंखा-पट्टा सांभाळून त्या जोडावर ग्रीसचा हात फिरवतात. पंपाची कुरकुर बदलली की चोर सापडला. आणखी नवलाची गोष्ट अशी की साध्या तेलात आकारमानाच्या सुमारे नऊ टक्के हवा आधीच विरघळलेली असते. फिल्टर तुंबून पंपाला तेल जोर लावून ओढावं लागलं, की सोड्याची बाटली उघडल्यासारखी ती हवा तेलातूनच फसफसून बाहेर येते. अशा वेळी पाइप बदलून काही उपयोग नाही.

तेल दुधाळ दिसलं तर थोडं काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवावं. सकाळी निवळलं तर हवा होती. दुधाळच राहिलं तर पाणी शिरलंय आणि तेल बदलायलाच हवं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. इंजिन चालू असताना पाइपाची गळती कधीही हाताने चाचपू नका. टाचणीएवढ्या भोकातून सुटलेली धार कातडी भेदून आत जाते. जखम अगदी लहानशी दिसते, पण तेल आत पसरतं आणि बोट, कधी हात, गमवावा लागतो. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, आणि धार लागलीच तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठावा.

याच भिवंडीत मानकोली, पूर्णा, वळच्या गोदामांत फोर्कलिफ्ट दिवसभर खोक्यांच्या रांगांमधून फिरतात. त्यांची मागची चाकं वळतात, आणि कितीतरी फोर्कलिफ्टमध्ये स्टेअरिंगखाली असाच चांदणीचा डबा असतो. तिथला फिटर खाचरातल्या ट्रॅक्टरच्या झटक्याचं वर्णन ऐकताच तो ओळखेल.

दोष काढून नवं तेल भरल्यावर उरलेली हवा घालवायची असते. ट्रॅक्टर सपाट जागी, मागच्या चाकांना अडकण लावून, पुढचा भाग टेकूवर नीट उचललेला. इंजिन मंद. स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाला सूं असा आवाज येतो तो दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. तिथे धरून ठेवायचं नाही, तेल तापतं. पुन्हा उलट बाजूला. मधे टाकीत डोकवायचं, पातळी उतरली असेल तर तेल घालायचं. पहिल्या फेऱ्यांना चाकं अडखळतात, टाकीत फेस येतो. मग फेस विरळ होतो, पंपाची कुरकुर उतरते, आणि एका फेरीला चाक हाताबरोबर निघतं आणि हाताबरोबरच थांबतं.