ड्रोन पडले तर आधी काय पाहावे?

उसावर ड्रोनने होणारी फवारणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. ते पडले तर काय, हे आम्ही शिकलो ते भिवंडी तालुक्यातील दिघाशीला, बहिणीकडे. भाच्याने घरीच चार पंख्यांचे लहान ड्रोन बनविले होते. भात कापलेल्या खाचरात त्याने ते उडविले आणि ते थेट बांधावर आपटले. दोन पंखे मोडले, एक दांडी तडकली.

दांडीला पट्टी लावून दोरा आवळला, नवे पंखे व दुसरी बॅटरी बसविली. उडवायला गेलो तर जागेवरच उलटे! पोरगं गपगार. कारण साधेच होते. तिरक्या कोपऱ्यांतील दोन पंखे एका दिशेने फिरतात, शेजारचे उलट दिशेने. नाहीतर यंत्र स्वतःभोवतीच गरगरेल. म्हणून पंख्यांची वळणेही दोन प्रकारची असतात. चुकीचा पंखा बसला की तो हवा खाली न ढकलता वर ढकलतो आणि तो कोपरा दबतो. मोटार कोणत्या दिशेने फिरते हे मात्र पंखे काढूनच पाहावे, बोटे जातील.

खरी भीती पहिल्या बॅटरीची. ती फुगली होती, आणि ठेवली होती खाटेखाली! मार बसलेली लिथियम बॅटरी काही वेळानेही पेट घेते. ती चार्ज करू दिली नाही; अंगणात, वाळूच्या बादलीत ठेवायला लावली.

आपल्या उसात ड्रोन पडले तर वाळल्या पाचटातून ते आधी मोकळ्या जागी न्यावे. धूर दिसत असेल तर हात लावू नये, भोवतालचे पाचट ओढून घ्यावे. मोडतोड नंतर बघता येते.