बाळाचा कोरडा खोकला आणि आपली ओली माती

आपल्या भंडारा जिल्ह्यांत धानाच्या दिवसांत लहान मूल खोकूं लागलें कीं ‘बांधींतला गारवा बाधला’ असें म्हणून आपण हळदीचें दूध देतों. बहुधा तें खरेंही असतें. परंतु कांहीं वेळां हा खोकला जंतांचा असतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

जंताचें अंडें पोटांत जाऊन फुटलें कीं त्यांतील अळी आतड्याची भिंत भेदते व रक्तावाटे यकृतांतून फुप्फुसांत जाते. तेथून श्वासनळीनें घशाशीं येऊन ती गिळली जाते आणि पुनः आतड्यांत पोंचून वीतभर, कधीं दीड वीत वाढते. १९२२ सालीं शिमेसु कोइनो या जपानी डॉक्टरानें स्वतः २,००० अंडीं गिळलीं. पुढें त्याच्या बेडक्यांत अळ्या सांपडल्या. ह्या प्रवासांत कोरडा खोकला, घरघर, किंचित् ताप येतो. मात्र शौच तपासल्यास अंडीं दिसत नाहींत, कारण अंडीं घालणारी मादी अद्याप तयार व्हावयाची असते.

झोपेंत दांत खाणें ही खूण भरंवशाची नव्हे. पोट फुगणें, अंग न धरणें, तापांत तोंडावाटे वा नाकावाटे जंत पडणें ह्या खुणा लक्षांत ठेवाव्या. जंत पित्तनलिकेंत शिरल्यास कावीळही होते. पोट ताठ होऊन हिरवी वांती होऊं लागली व शौच-वारा बंद झाला, तर जंतांचा गुंता आतड्यांत अडकला असें समजावें. अशा वेळीं एरंडेल पाजणें घातक. मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

आमच्या महसुली चाकरींत आम्हीं जमिनीचें पीक मोजलें. तींत हें दुसरें बी पेरलें जातें याची नोंद कोणत्याच वहींत नव्हती. एक मादी दिवसाला सुमारें दोन लाख अंडीं घालते. तीं ताजीं असतां बाधत नाहींत; ओल्या, सावलीच्या मातींत दोन-तीन आठवडे राहिलीं म्हणजे बाधक होतात आणि वर्षानुवर्षें टिकतात. म्हणून तलावाच्या पाळीवर शौचास बसणें किंवा वांग्या-मुळ्यास कच्चें सोनखत घालणें म्हणजे मुलांच्या ताटांत अंडीं वाढणें होय. खड्ड्यांत चांगली उष्णता चढून पुरतें कुजल्याखेरीज तें खत शेतांत नेऊं नये.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनीं अंगणवाडींत व शाळेंत अल्बेंडाझोलची गोळी देतात : एक ते दोन वर्षांच्या बाळास अर्धी, कुसकरून, मोठ्यास पूर्ण, चावून. गोळीनें जंत पडलेले पाहून घाबरूं नये. मात्र अंगणांतील माती तीच राहिल्यास पुढच्या पावसाळ्यांत तेच जंत पुनः येतात.