ताटातील भाजी टाकणारे मूल

वसईच्या वाड्यांत केळी व पालेभाज्या पिकतात. तरीही तेथील काही मुले ताटातील भाजी बाजूस सारतात. असे मूल हट्टीच असते असे नव्हे. अपरिचित चवीस ते बिचकते. नवा पदार्थ रुचण्यापूर्वी पुष्कळदा आठ-दहा वेळा चाखावा लागतो. म्हणून शिक्षकांनी पालकांस सांगावे, की भाजी रोज घासभरच वाढावी व सर्वांनी एकत्र बसून खावी. धाक वा सुकेळीचे आमिष दाखवू नये. त्याने भाजी अधिकच नावडती होते. काय वाढावे हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे, किती खावे हे मुलाने. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलास ५० ग्रॅम भाजी नेमलेली आहे. पंगतीत सोबत्यांकडे पाहून मूल ती आपणहून चाखू लागते. मात्र वजन घटत असल्यास त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात अवश्य दाखवावे.