चाकांवरचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. ते बिऱ्हाड चाकांवर घेऊन हिंडणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली ती इथेच रत्नागिरीत, भाट्याच्या किनाऱ्यावर. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नेहमीप्रमाणे सकाळी पूल ओलांडून फिरायला गेलो होतो. सुरूच्या बनापलीकडे, ओल्या वाळूवर एक उंच पांढरी गाडी उभी. खिडक्यांना पडदे, पाठीमागे दोन सायकली बांधलेल्या आणि घडीच्या खुर्चीत बसून एक गोरे गृहस्थ शांतपणे कॉफी पीत होते. बाई आतून काहीतरी तळल्याचा वास बाहेर पाठवत होत्या. साठीच्या आसपासचं ते जर्मन जोडपं तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असा प्रवास करत वाघ्याच्या सीमेवरून भारतात शिरलं होतं आणि आता गोव्याकडे निघालं होतं.

मला हेवा वाटला. तेवढ्यात जाळी आवरणारा एक ओळखीचा मच्छीमार जवळ येऊन म्हणाला, "काका, त्यांना सांगा गाडी काढायला. आज द्वितीया आहे."

कोकणात वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. द्वितीयेची पाऊणपट दीड. म्हणजे ओहोटी साडेसातला संपली होती आणि पाणी केव्हाच माघारी फिरलं होतं. पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, त्यामुळे भरतीही मोठी. पाहुण्यांनी सकाळी वाळू टणक आणि किनारा रुंद पाहून गाडी खाली आणली होती. आता मागची चाकं हळूहळू रुतत होती आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

मग पुढचे दोन तास काय धावपळ झाली! टायरांतली हवा कमी केली, चाकांखाली झावळ्या घातल्या, होडीचे दोर आणले, कुणीतरी ट्रॅक्टर आणला. पाणी चाकांना लागलं तेव्हा गाडी वर निघाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस देशांत लागणारी कागदपत्रं, औषधं, सुटे भाग सगळं त्यांच्याकडे नीट लावलेलं होतं. नव्हता तो फक्त किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचा एक प्रश्न.

गाडीचा पासपोर्ट

दुपारी त्या दोघांना घरी जेवायला आणलं. सोलकढी पितापिता गृहस्थांनी मला गाडीचा पासपोर्ट दाखवला. 'कार्ने' नावाचं हे पुस्तक. परदेशात आपली गाडी तात्पुरती न्यायची तर ती तिथे विकणार नाही याची हमी द्यावी लागते. ती हमी आपल्या देशातली मान्यताप्राप्त मोटार संघटना देते आणि त्यासाठी आपल्याकडून मोठी अनामत किंवा बँकेची हमी घेते. प्रत्येक सीमेवर गाडी आत येताना एक शिक्का, बाहेर जाताना एक शिक्का. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला, तर गाडी तिथेच विकली असं धरून आयातकर मागितला जाऊ शकतो. "आमचे पासपोर्ट हरवले तर वकिलात आहे," ते म्हणाले, "हे हरवलं तर देवच आहे."

त्यांची गाडी डाव्या बाजूच्या चाकाची, कारण त्यांच्याकडे वाहनं उजवीकडून चालतात. आपल्याकडे ती चालवताना चालक रस्त्याच्या कडेला बसतो आणि पुढे ट्रक असला की समोरचं काही दिसत नाही. मग शेजारी बसलेल्या बाई मान बाहेर काढून बघणार आणि "जा" किंवा "थांब" सांगणार. घाटांत त्या दोघांनी ओव्हरटेक करणंच सोडून दिलं होतं. दिवसाला दीडशे किलोमीटर आणि अंधार पडायच्या आत मुक्काम, हा त्यांचा नियम.

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र मुद्द्याचा प्रश्न विचारला. "यांच्या संडासाचं काय?" तो प्रश्न इंग्रजीत नेताना माझी तारांबळ उडाली. पण पाहुणे खूश झाले. सगळेजण त्यांना इराण कसा आहे हे विचारत. रोजची खरी अडचण पहिल्यांदाच कुणी विचारली होती! युरोपात अशा गाड्यांची टाकी रिकामी करायला जागोजाग सोय असते. आपल्याकडे ती नाही. मग पेट्रोलपंपावर किंवा हॉटेलात विनंती करून तिथल्या संडासात टाकी रिकामी करायची. उघड्यावर कधीही नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

ती मंडळी गेली. मी मात्र त्यानंतर कित्येक दिवस लोकांना ऐकवत होतो, एवढी हुशार माणसं, पण भरती-ओहोटी विचारली नाही! दुसऱ्याला हसलो की आपली पाळी येते म्हणतात. ती यायला दोन वर्षं लागली.

टेकापोची रात्र

आमचे चिरंजीव न्यूझीलंडला असतात. एप्रिलच्या सुट्टीत त्यांनी तिथल्या दक्षिण बेटावर फिरण्यासाठी एक मोटारहोम भाड्यानं घेतलं. आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू. गाडीत चूल, बेसिन, फ्रिज, संडास, पाच जणांच्या बिछान्याची सोय. ताब्यात देताना तिथल्या माणसानं पाऊण तास सगळं समजावून सांगितलं. मुलगा आणि सूनबाई लक्ष देऊन ऐकत होते. मी फोटो काढत होतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही टेकापो सरोवराकाठी मुक्कामाला होतो. हा भाग समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर. तिथलं आकाश इतकं काळंभोर राहतं, की २०१२पासून हा सगळा टापू तारे पाहण्यासाठी राखीव म्हणून जाहीर झाला आहे. आपल्याकडे एप्रिल म्हणजे घामाच्या धारा, तिकडे शरद ऋतू. मुक्कामाच्या तळावर वीजजोडणीची जागा थोडी महाग होती. "एका रात्रीचा तर प्रश्न," असं म्हणून मीच बिनविजेची जागा घ्यायला लावली. दिवसभर फोन आणि कॅमेरे चार्ज करून बॅटरी उतरली होती. रात्री तीनच्या सुमाराला हीटर बंद पडला.

ही शाल गुंडाळून कुडकुडत होती. मुलांना कशाला उठवायचं, असा विचार करून मी उठलो. खिडक्या नीट लावून घेतल्या, छतावरची झडपही ओढून घेतली आणि गॅसच्या दोन्ही चुली पेटवल्या. दहा मिनिटांत छान ऊब आली. मी बाकावर बसून डुलक्या घेऊ लागलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक, छताजवळ कर्कश पिपाणी वाजू लागली. डोकं जड झालं होतं. मला वाटलं, हिची फोडणी झाली की वाजतो तोच हा धुराचा भोंगा. सगळे जागे होतील म्हणून मी स्टुलावर चढून त्यातला सेल काढायला गेलो.

सूनबाईंनी माझा हात धरला. "बाबा, तो धुराचा नाही! आधी बाहेर चला!" तिनं दार उघडलं, मुलानं गॅस बंद केला, झोपलेल्या नातवाला उचललं आणि आम्ही पाचही जण त्या गोठवणाऱ्या थंडीत गवतावर उभे राहिलो. हिचं डोकं ठणकत होतं, मला मळमळत होतं. नातू रडत होता. शेजारच्या गाडीतल्या वृद्ध बाईंनी आम्हाला आपल्या गाडीत घेतलं. त्यांनी आमची चौकशी केली, उलटी झाली का, पोरगं नीट बोलतंय का, हे पाहिलं आणि आम्हाला डॉक्टरांना दाखवायला लावलं. सगळं निभावलं. पण तो सेल माझ्या हाताला लागला असता तर, हा विचार आजही मला रात्री उठवतो.

तो वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. निळ्या ज्योतीनं जळणारा गॅस एरवी तो फारसा सोडत नाही. पण लहानशा बंद जागेत प्राणवायू कमी होत जातो, जळण अपुरं होतं आणि हा वायू साठू लागतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशेपटींहून अधिक. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. उत्तरेत थंडीच्या रात्री बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो.

सगळ्यात शरम वाटली ती वेगळ्याच कारणानं. आमच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असे. निखारे बाहेर लालबुंद फुलल्याशिवाय आई ती शेगडी आत आणू देत नसे आणि खिडकीचं एक दार किलकिलं ठेवल्याशिवाय स्वतः खोलीबाहेर जात नसे. तिला वायूचं नाव ठाऊक नव्हतं. मला नाव ठाऊक होतं आणि खिडकी मीच लावली होती.

आधी विचारायच्या गोष्टी

हल्ली आपल्या गावातल्या बऱ्याच घरांतली मुलं परदेशी आहेत आणि आईवडिलांना अशा गाडीतून फिरवण्याची हौस त्यांना असते. जरूर जा. तो आनंद वेगळाच आहे. पण माझ्या ठेचेवरून चार गोष्टी सांगतो.

पहिलं कागदपत्रांचं. स्वतः गाडी चालवणार असाल तर आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो आपल्या आरटीओतून मिळतो, मुदत एक वर्षाची. मूळ परवाना सोबत हवाच. विम्याचा कागद निघण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अपघात झाला तर पदरचे किती भरावे लागतील आणि कोणत्या रस्त्यांवर गाडी नेली तर विमा लागू होत नाही, हे त्यात असतं. न्यूझीलंडमध्ये नव्वद मैलांचा किनारा म्हणून प्रसिद्ध वाळूचा पट्टा आहे. भाड्याची गाडी तिथे नेली तर विम्याचं संरक्षण सहसा मिळत नाही. भाट्याचा धडा तिकडच्या कागदांत छापलेला आहे म्हणायचा! वडीलधाऱ्यांच्या जुन्या दुखण्यांसह प्रवासविमा वेगळा घ्या आणि औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

दुसरं खाण्याचं. हापूसची पेटी घेऊन निघू नका. न्यूझीलंडमध्ये ताजी फळं सामानातून नेता येत नाहीत आणि खाण्याची वस्तू न सांगता नेली तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड होतो. मेतकूट, लाडू, पापड जे असेल ते फॉर्मवर लिहा. सांगितलेल्या वस्तूसाठी दंड नाही. फार तर ती काढून घेतील.

तिसरं गाडीचं. तिची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा. तीन मीटरहून उंच गाडी आहे हे पेट्रोलपंपाच्या छपराखाली माणूस विसरतो. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, त्याचा अंदाज रिकाम्या मैदानात घ्या. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी चाक हातात घेऊ नका. पाठीमागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला घेऊन वाट द्या. तिकडे एकेरी पूल पुष्कळ. कुणी थांबायचं हे पाटीवरच्या बाणांवरून ठरतं. लहान लाल बाण आपला असेल तर आपण थांबायचं. आपल्यासारखा आधी दिवा मारील तो पहिला, असा हिशेब नाही.

चौथं घराचं. गाडी चालत असताना गॅस सिलिंडर बंद आणि प्रत्येक जण पट्टा बांधून जागेवर. आमची ही पहिल्याच दिवशी "चहा टाकते" म्हणून उठली होती. चालत्या घरात स्वयंपाक होत नाही. शेगडीजवळची खिडकी आणि छताची झडप उघडी, आणि चुलीवर ऊब घ्यायची नाही, कधीही नाही. भोंगा वाजला तर आधी माणसं बाहेर, मग चौकशी. टाक्या नेमलेल्या जागीच रिकाम्या करायच्या. ते काम मी माझ्याकडे घेतलं, प्रायश्चित्त म्हणून. आणि संध्याकाळी पोचल्यावर मुक्कामाचं नाव कागदावर लिहून दाराशी लावा. रात्री १११ हा तिथला आपत्कालीन क्रमांक फिरवला तर पहिला प्रश्न 'तुम्ही कुठे आहात' हाच असतो, आणि घाबरलेल्या माणसाला तेच आठवत नाही.

आपल्या दारात

महाराष्ट्रातही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं आणि अशा गाड्या आता कोकणातही दिसतात. पुण्यामुंबईच्या माणसालाही हा किनारा काही अंशी परकाच. त्याला नदीकाठची मोकळी जागा मुक्कामाला सुंदर वाटते. पण २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीनं महाडचा पूल नेला आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, हे त्या जागेकडे बघून कळत नाही. ते काठावरच्या माणसाला ठाऊक असतं. आंबा घाटात कोणत्या वळणावर दरड येते, डोंगरात पाऊस झाला की ओढा किती वेळात फुगतो, गणपतीपुळ्याच्या समुद्रात कुठे उतरू नये, हेही तिथल्या माणसाला विचारूनच कळायचं.

घराला चाकं लावली की घर आपल्याबरोबर येतं, शेजार येत नाही. आणि संकटात घरापेक्षा शेजारच उपयोगी पडतो, हे भाट्यालाही दिसलं आणि टेकापोलाही. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर खुर्ची टाकण्याआधी शेजारच्या माणसाकडे जावं. नमस्कार करावा. विचारावं, "आम्ही इथे नवीन आहोत. रात्री कशाची काळजी घ्यायची?" यात कमीपणा नाही.

मी अजून सकाळी भाट्याला जातो. वाळूवर बाहेरच्या नंबराची गाडी दिसली की आता मला हसू येत नाही. मी मनाशी तिथीची पाऊणपट करतो आणि काचेवर टकटक करतो.