विश्लेषण : स्पर्धा १२६ विमानांची, हाती आली ३६! लढाऊ विमानाची निवड इतकी का रखडते?

चंडीगडच्या तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ मध्ये दाखल झालेले हे विमान ६२ वर्षे सेवेत राहिले, कारण त्याची जागा घेणारी विमाने वेळेत आलीच नाहीत. आता हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन उरल्या आहेत. मंजूर संख्या ४२ आहे. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमाने धरली, तर ही तूट दोनशेहून अधिक विमानांची होते. ती का वाढत गेली, हे समजून घ्यायचे तर २००७ मध्ये निघालेल्या १२६ विमानांच्या निविदेकडे पाहावे लागते.

लेहमध्ये इंजिन बंद का करायला लावले?

स्पर्धेत सहा विमाने होती : अमेरिकेची एफ-१६ आणि एफ/ए-१८, रशियाचे मिग-३५, स्वीडनचे ग्रिपेन, चार युरोपीय देशांचे युरोफायटर टायफून आणि फ्रान्सचे राफेल. समाजमाध्यमांवर विमानांची तुलना होते ती कमाल वेगावरून. हवाई दलाने मात्र ती बेंगळूरुच्या दमट हवेत, जैसलमेरच्या उन्हात आणि लेहच्या थंडीत तपासली.

यातली लेहची परीक्षा सर्वांत कठीण. तेथील धावपट्टी सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे आणि हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत पाव हिश्शाहून अधिक कमी. विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, पंखांना पुरेशी उचल मिळायला जास्त वेग लागतो, म्हणून धावपट्टीही जास्त लांब लागते. विमानाने तिथे उतरायचे, इंजिन पूर्ण बंद करायचे, पुन्हा सुरू करायचे आणि भार घेऊन उडायचे, अशी अट होती. पुढे विकत घेतलेल्या राफेलमध्येही भारतासाठी जे खास बदल करून घेतले, त्यांत उंचावरील तळांवर थंडीत इंजिन सुरू होण्याची सोय होती!

मग गाडी कुठे अडली?

एप्रिल २०११ मध्ये टायफून आणि राफेल हे दोघेच उरले. त्यानंतर केवळ खरेदीची किंमत न पाहता विमान चालवण्याचा, दुरुस्तीचा, सुट्या भागांचा असा संपूर्ण आयुष्यभराचा खर्च मोजला गेला. या हिशेबात जानेवारी २०१२ मध्ये राफेल स्वस्त ठरले.

पण १२६ पैकी १८ विमाने तयार मिळणार होती आणि १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) बांधायची होती. त्यांच्या दर्जाची हमी कोणी द्यायची? दासो कंपनी तयार नव्हती. शिवाय भारतात बांधणीला फ्रान्सच्या २.७ पट मनुष्यतास लागतील, असे गणित पुढे आले. मनुष्यतास वाढले की किंमत वाढते. मग सर्वांत कमी दराची बोली राफेलचीच होती का, हाच प्रश्न उभा राहिला. कारखान्यात काम केलेल्या कोणालाही हा वाद ओळखीचा वाटेल. तीन वर्षे त्यात गेली. एप्रिल २०१५ मध्ये ३६ तयार विमाने घेण्याची घोषणा झाली आणि मूळ निविदा मागे घेतली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये सुमारे ७.८७ अब्ज युरोंचा करार झाला. पहिली पाच विमाने २९ जुलै २०२० रोजी अंबाला येथे उतरली, म्हणजे निविदेनंतर १३ वर्षांनी. परदेशी विमान कितीही चांगले निघाले, तरी ते येथे बांधायचे कसे आणि जबाबदारी कोणाची, हे आधी न ठरवल्याची ही किंमत म्हणावी लागेल.

स्वदेशी विमान हा सोपा मार्ग आहे का?

फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांची मागणी नोंदवली गेली. मार्च २०२४ पासून ती मिळायला हवी होती. नाशिकजवळ ओझर येथे, जिथे एके काळी मिग-२१ तयार होत, त्या एचएएलच्या कारखान्यातील पहिले तेजस मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले. विमान स्वदेशी असले, तरी त्याचे एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे आहे. ९९ इंजिनांचा करार २०२१ मध्ये झाला होता. त्यातले पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले.